बघून केलेली कार्डं: हाताने केलेल्या शुभेच्छापत्रांमागची गोष्ट

हाताने ग्रीटिंग कार्ड करणाऱ्यांच्या वर्तुळात 'केस करणं' हा शब्द सर्रास ऐकू येतो. दुसऱ्या कुणाचं कार्ड आवडलं की त्याची मांडणी, रंगांची जोडी किंवा एखादी घडी उचलायची, आपल्या घरातले कागद आणि ठसे वापरून आपलं कार्ड करायचं आणि मूळ कार्ड कुणाचं ते सांगायचं. 'कॉपी अँड शेअर एव्हरीथिंग' या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून तो आला आणि अमेरिकेतल्या रबरी ठसे वापरणाऱ्या मंडळींत रुळला. पुढे काहींनी त्याची फोड 'कॉपी अँड सिलेक्टिव्हली एडिट' अशी करायला सुरुवात केली. म्हणजे घ्यायचं ते निवडून घ्या आणि घेतल्यावर बदला.

या छंदात नव्याने आलेल्याला हे खटकतं. नक्कल, आणि तीही उघड सांगून? पण कार्डांचा इतिहास पाहिला तर बघून करणं ही या कलेची सर्वांत जुनी सवय आहे. मूळ नमुना कुणाचा ते सांगण्याची पद्धत मात्र बरीच उशिरा आली, आणि मला तीच अधिक मोलाची वाटते.

छापील नमुन्यांवरून हस्तकला करण्याची चाल युरोपात सोळाव्या शतकापासूनची. जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग शहरात 1520 च्या दशकात योहान श्योन्सपर्गरने भरतकामाच्या नमुन्यांचं पुस्तक छापलं आणि त्यानंतर अशा पुस्तकांची रीघच लागली. घरोघरच्या बायका पुस्तकातलं पान पुढ्यात ठेवून टाके घालत. कागदकामातही तेच झालं. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या सुखवस्तू घरांत कागदाच्या पट्ट्या गुंडाळून नक्षी करण्याची, म्हणजे आजच्या क्विलिंगची, हौस पसरली तेव्हा बायकांच्या मासिकांतून तिचे नमुने छापून येऊ लागले. प्रेमपत्रांसाठी 'पझल पर्स' नावाची घडी त्याच काळात लोकप्रिय होती. चौकोनी कागद असा दुमडायचा की एकेक पाकळी उघडताना आतली चित्रं आणि ओळी क्रमाने दिसत जातात. ही घडी कुणी शोधली ते कुणीच लिहून ठेवलेलं नाही. एकीने उघडून पाहिली, पुन्हा मिटली, दुसरीला शिकवली, अशीच ती पसरली असणार.

कार्डातल्या ओळीसुद्धा उसन्या असायच्या. 1797 मध्ये इंग्लंडात 'द यंग मॅन्स व्हॅलेंटाइन रायटर' हे पुस्तक निघालं. ज्याला कविता सुचत नाही त्याने यातली एक उतरवून घ्यावी, हाच त्याचा उद्देश. त्याच वर्षीचं, लंडनच्या जॉन फेअरबर्नने छापलेलं आणि वर हाताने रंग भरलेलं एक व्हॅलेंटाइन, म्हणजे प्रेमाचं कार्ड, आज यॉर्कच्या वस्तुसंग्रहालयात आहे. छपाई आणि हाताचं काम एकाच कागदावर, ही मिसळ तेव्हापासूनची आहे. त्यामुळे 'खरं हँडमेड कोणतं' हा वाद मला फारसा पटत नाही. छापील चित्र आणून त्यावर रंग भरणारे हात अगदी सुरुवातीपासूनच आहेत.

मग टपाल स्वस्त झालं. जानेवारी 1840 पासून ब्रिटनमध्ये एका पेनीत देशभर कुठेही पत्र जाऊ लागलं. 1843 मध्ये हेन्री कोल या सरकारी अधिकाऱ्याने चित्रकार जॉन कॅलकॉट हॉर्सलीकडून नाताळचं कार्ड काढून घेतलं, हजारेक प्रती छापल्या, त्या हाताने रंगवून घेतल्या आणि उरलेल्या एका शिलिंगला एक अशा विकायला ठेवल्या. हे कार्ड फार प्रसिद्ध आहे. पण ज्यांना कात्री, गोंद आणि कागदाची लेस जवळची वाटते त्यांची खरी कहाणी काही वर्षांनी अटलांटिकच्या पलीकडे सुरू होते.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर नावाचं गाव आहे. तिथल्या एका स्टेशनरी दुकानदाराची मुलगी एस्थर हाउलंड. 1847 मध्ये ती माउंट होलिओक या मुलींच्या विद्यालयातलं शिक्षण संपवून घरी परतली. त्याच सुमारास वडिलांच्या ओळखीतून तिच्या हाती एक इंग्लिश व्हॅलेंटाइन पडलं. कागदाची नाजूक लेस, मधोमध चित्र, कडेने कापलेली रंगीत फुलं. तिने ते निरखलं आणि आपण याहून चांगलं करू शकू असं तिला वाटलं. वडिलांकडून तिने इंग्लंडहून लेसचा कागद आणि इतर सामान मागवून घेतलं, काही नमुने तयार केले आणि दुकानासाठी फिरतीवर निघालेल्या भावाच्या पेटीत ते ठेवून दिले. दोनशे डॉलरच्या मागण्या आल्या तरी पुष्कळ, असा तिचा अंदाज होता. भाऊ पाच हजारांच्या घेऊन परतला, असं सांगितलं जातं.

एवढी कार्डं एकटीच्या हातून होणं शक्य नव्हतं. एस्थरने मैत्रिणींना घरी बोलावलं आणि कामं वाटून दिली. एक जण रंगीत चित्रं कापून काढी, दुसरी लेस बसवी, तिसरी चिकटवी. पहिला नमुना एस्थरचा आणि बाकीच्या तो समोर ठेवून तसाच उतरवत. आज एखादी ताई आपल्या घरी पाच-सहा जणींना बसवून 'हे बघून करा' म्हणत कार्ड शिकवते, तेव्हा ती हेच करत असते, फक्त विक्रीचा हिशेब त्यात नसतो.

एस्थरने इंग्लिश कार्डावरून काय घेतलं आणि स्वतःचं काय घातलं, हे नीट पाहण्याजोगं आहे. लेस, चित्र, फुलं हे सगळं तिकडचंच. तिने पांढऱ्या लेसखाली रंगीत, चकचकीत कागदाचा तुकडा सरकवला, त्यामुळे जाळीच्या भोकांतून रंग डोकावू लागला. कागदाच्या छोट्या घड्या घालून तिने लेसचे थर एकमेकांपासून वर उचलले, त्यामुळे कार्डाला खोली आली. ओळी ती बहुधा दर्शनी बाजूला न ठेवता आत ठेवी. आज कार्डात थर उचलण्यासाठी आपण फोमचे चिकट चौकोनी तुकडे वापरतो. त्याच कामासाठी ती कागदाची घडी वापरत होती.

पुढे तिचेही नमुने उचलले गेले. वूस्टरमध्येच जॉर्ज व्हिटनीने व्हॅलेंटाइनचा धंदा सुरू केला. त्याची सुरुवातीची कार्डं हाउलंडच्या कार्डांच्या इतकी जवळ जातात की संग्राहक मागच्या बाजूचं खुणेचं अक्षर शोधतात. लाल 'एच' असेल तर हाउलंडचं, लाल 'डब्ल्यू' असेल तर व्हिटनीचं. 1881 मध्ये आजारी वडिलांची काळजी घेण्यासाठी एस्थरने आपली न्यू इंग्लंड व्हॅलेंटाइन कंपनी याच व्हिटनीला विकून टाकली. त्याने यंत्रं आणून लेसही तिथेच तयार करायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदाची टंचाई झाली आणि 1942 मध्ये तो कारखाना बंद पडला.

या सगळ्यात मला एक गोष्ट लागते. ज्या इंग्लिश कार्डापासून सुरुवात झाली ते करणाऱ्या हातांचं नाव या कहाणीत कुठेच येत नाही. एस्थरच्या टेबलाभोवती बसून हजारो कार्डं चिकटवणाऱ्या मैत्रिणी बहुतेक निनावीच राहिल्या. 'एच' हे अक्षर मालकीची खूण होतं, श्रेय त्यात एकीचंच होतं.

त्यानंतरची काही दशकं छापखान्यांची. बॉस्टनच्या लुई प्रँगने रंगीत शिळाछापाची नाताळ कार्डं काढली आणि 1880 पासून चित्रकारांच्या स्पर्धा भरवल्या. विसाव्या शतकात हॉलमार्कसारख्या कार्डं छापणाऱ्या कंपन्या वाढल्या आणि विकतचं कार्ड ही रीत झाली. हाताने केलेलं कार्ड मुलांच्या शाळेपुरतं उरलं.

ते मोठ्यांच्या टेबलावर परत आलं रबरी ठशांमुळे. व्हल्कनाइज्ड रबराचं पेटंट चार्ल्स गुडइयरला 1844 मध्ये मिळालं आणि त्या रबराचे ठसे पुढे शतकभर कचेऱ्यांत तारीख आणि 'पैसे मिळाले' उमटवत राहिले. 1960 च्या दशकात टपालातून कला पाठवणाऱ्या कलावंतांनी ते हाती घेतले. न्यूयॉर्कचा रे जॉन्सन चित्रं पाठवताना त्यावर सूचना लिही, यात भर घालून परत पाठवा. दुसऱ्याच्या कागदावर आपला हात फिरवायचा आणि तो पुढे धाडायचा, ही वृत्ती इथे उघडपणे दिसते. स्वित्झर्लंडमधल्या झुरिचमध्ये एम. व्हेन्ची स्टिर्नेमानने 1997 मध्ये सुरू केलेली 'आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड'ची प्रथाही त्याच कुळातली. अडीच बाय साडेतीन इंचांचं कार्ड करायचं, समोरासमोर अदलाबदल करायची आणि ते विकायचं नाही.

1980 च्या दशकात अमेरिकेत चित्रांच्या ठशांचा छंद घरोघरी पोचला. 1988 मध्ये सुरू झालेल्या 'स्टॅम्पिन अप'सारख्या कंपन्यांचे ठसे दुकानापेक्षा घरगुती बैठकांतून खपू लागले. एक बाई नमुन्याचं कार्ड करून आणी, जमलेल्या साऱ्या जणी तेच करून पाहत. ठसे विकायचे तर बघून करू देणं भागच होतं. कंपनीचा फायदा आणि मैत्रिणींची देवघेव एकाच बैठकीत सांभाळली जाई, आणि 'केस' हा शब्द अशाच वातावरणात रुजला. 'स्वॅप' म्हणजे एकाच नमुन्याची बरीच कार्डं करून इतरांशी बदलून घेणं, हेही इथलंच. बदलून आलेल्या कार्डाच्या मागे करणारीचं नाव आणि वापरलेल्या कागद-शाईची नावं लिहिलेली असत. इथे पहिल्यांदा नमुन्याबरोबर माणसाचं नाव नेमाने प्रवास करू लागलं.

नमुने इतक्या सहज फिरण्यामागे एक साधं गणितही आहे. अमेरिकेतला नेहमीचा कागद साडेआठ बाय अकरा इंचांचा. तो मधोमध कापून प्रत्येक अर्धा दुमडला की सव्वाचार बाय साडेपाच इंचांची दोन कार्डं होतात, काही वाया जात नाही. सगळ्यांचं कार्ड एकाच मापाचं, म्हणून एकीने काढलेलं 'स्केच', म्हणजे पट्टी कुठे, चौकट कुठे, मजकूर कुठे याचा नुसता रेषांचा आराखडा, दुसरीला जसाच्या तसा चालतो. आपल्याकडे ते आराखडे वापरताना जपावं लागतं. ए-फोर कागद अर्धा कापून दुमडला की कार्ड 148 बाय 105 मिलिमीटरचं होतं, म्हणजे अमेरिकन कार्डापेक्षा उंच आणि जरा अरुंद. त्या आराखड्यांतला चार बाय सव्वापाच इंचांचा, कार्डावर चिकटवायचा कागद त्यावर मधोमध बसवला तर दोन्ही बाजूंना जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटरची कड उरते आणि वर-खाली सात मिलिमीटरहून जास्त पट्टा राहतो. इंचांच्या घोळात न पडता तो कागद 138 बाय 95 मिलिमीटरचा कापला की चारही बाजूंना पाच मिलिमीटरची सारखी कड मिळते.

कायदाही बराचसा या रीतीच्या बाजूने आहे. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती मांडण्याच्या विशिष्ट रूपावर असतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या नाटक-चित्रपटाच्या खटल्यात हेच सांगितलं. 'तीन चौकटी ओळीत आणि खाली पट्टी' ही मांडणी कुणाच्या मालकीची होऊ शकत नाही. ठशावरचं चित्र मात्र ते काढणाऱ्याचं असतं. म्हणून ठसे करणाऱ्या अनेक कंपन्या 'एंजल पॉलिसी' जाहीर करतात. आमच्या ठशाने प्रत्येक कार्ड स्वतः हाताने उमटवलंत तर ते विका, यंत्राने त्याच्या प्रती काढू नका, असा तिचा गाभा. काही कंपन्या कार्डामागे आपलं नाव टाकायलाही सांगतात. हौसेने केलेलं कार्ड आत्याला देणं आणि दुसरीची मांडणी, रंग, ठसे, ओळ सगळं तसंच ठेवून प्रदर्शनात मांडणं यात फरक आहे. दुसरं कदाचित कायद्यात बसेलही, पण मूळ करणारीचं नाव गाळून ते केलं तर मला ते चुकीचंच वाटतं.

मराठी घरांना ही देवघेव परकी नाही. ठिपक्यांच्या रांगोळ्यांच्या वह्या आठवा. शेजारणीच्या दारातली रांगोळी आवडली की ठिपके मोजून ती वहीत उतरवायची, पुढच्या सणाला आपल्या अंगणात काढायची. स्वेटरच्या विणीही अशाच हातोहात पसरल्या. संक्रांतीला परगावच्या माणसांना पाकिटातून तिळगूळ पाठवायचा तर सोबत 'तिळगूळ घ्या, गोड बोला' लिहिलेलं छोटं कार्ड असे. छापील विकत मिळायचं, आणि हौशी घरांत कार्डशीट, जरी, टिकल्या आणि जलरंग घेऊन घरीही केलं जायचं. पुण्यात 1940 मध्ये सुरू झालेल्या हातकागद संस्थेमुळे जाड, खरबरीत, रंगीत कागदही इथे जवळच मिळू लागला. ठशांच्या पाश्चात्त्य कार्डांसाठी लागणारा गुळगुळीत कागद आणि हा कागद यांचा स्वभाव वेगळा. हातकागदावर शाई पसरते, ठशाची बारीक रेघ फुटते, पण फाडलेली कड आणि दाबून वाळवलेलं पान त्यावर जितकं खुलतं तितकं कुठेच नाही. परदेशी कार्डावरून आराखडा घ्यावा आणि ठशाच्या जागी हे असं काही बसवावं. एस्थरने इंग्लिश लेसखाली रंगीत कागद सरकवला होता तो याच पद्धतीने.

श्रेय लिहिण्याची सोपी रीत आता ठरून गेली आहे. कार्डाच्या मागे बारीक अक्षरात आपलं नाव आणि साल, त्याखाली 'मांडणी अमुक यांच्या कार्डावरून' अशी एक ओळ. रंग किंवा घडी तिसऱ्याच कुणाची असेल तर तेही नाव. कार्ड भेट म्हणून दिल्यावर घेणाऱ्याला त्या नावांची ओळख नसते, तरी लिहावं. संग्राहकांनी 'एच' आणि 'डब्ल्यू' शोधत घालवलेली वर्षं पाहिली की मागच्या बाजूची ती ओळ किती कामाची आहे हे कळतं.