गाठ सोडवते ती सुई

मान आणि खांद्याचा वरचा भाग महिनोन्‌महिने दुखत राहिला की ‘शीर धरली’ असं सर्रास म्हटलं जातं. बऱ्याचदा दुखणं असतं ते स्नायूचं. मानेपासून खांद्याकडे उतरणाऱ्या ट्रॅपेझियसवर बोट आडवं फिरवलं, तर दोरीसारखा ताठ पट्टा हाताला लागतो. त्यातला एक बिंदू दाबला की कळ थेट कानशिलापर्यंत जाते. हा ट्रिगर पॉइंट.

तो सुटत का नाही? चेतातंतू स्नायूला भिडतो तिथे असिटिलकोलिन, म्हणजे स्नायूला आवळण्याचा निरोप देणारं रसायन, जास्त झिरपतं, पेशीत कॅल्शियम मोकळं होतं आणि तंतू आवळतात. गंमत पुढे आहे. सैल पडायलाही ऊर्जा लागते! कॅल्शियम परत साठ्यात ओढणारा पंप एटीपीवर, म्हणजे पेशीच्या इंधनावर चालतो, तंतू आवळणाऱ्या मायोसिन या प्रथिनाची पकड सुटायलाही एटीपीच हवं. पण आवळलेला स्नायू स्वतःच्याच केशवाहिन्या दाबतो, प्राणवायू कमी पडतो आणि एटीपी आटतं. म्हणजे सोडवायला लागणारी ऊर्जा गाठच अडवून धरते. वर आम्लता वाढते, ब्रॅडीकायनिन आणि सब्स्टन्स पी ही वेदना वाढवणारी रसायनं साचतात, वेदनेची चेताटोकं चाळवतात. ही उपपत्ती सर्वमान्य नाही, पण आजवरची सर्वांत पटणारी आहे.

यावरचा एक उपाय म्हणजे ट्रिगर पॉइंटमध्ये इंजेक्शन. डॉक्टर तो बिंदू दोन बोटांत पकडतात, त्वचा निर्जंतुक करून २५ गेजची बारीक सुई घालतात, दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येत नाही हे पाहतात आणि साधारण ०.५ ते १ मिली १ टक्का लिडोकेन हे बधिर करणारं औषध सोडतात. सुई नेमकी लागली की पट्टा क्षणभर फडफडतो. नेम साधल्याची ती चांगली खूण. कारेल लेविट या चेक डॉक्टरांनी १९७९ मध्येच दाखवलं, की कोरड्या, म्हणजे औषध न सोडता नुसत्या टोचलेल्या सुईनेही आराम पडतो. लिडोकेनमुळे नंतरचा ठणका कमी होतो, इतकंच. म्हणून ‘स्टिरॉइड घातलं तरच गुण येतो’ हा आग्रह चुकीचा. उलट त्याने स्नायूला इजा होऊ शकते. ‘सुईने विषारी द्रव्यं बाहेर पडतात’ हा तर निव्वळ बाजार.

रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा लिडोकेनची अ‍ॅलर्जी असेल, तर आधीच सांगावं. एक-दोन दिवस जागा दुखते. त्याच दिवसापासून मान हळूहळू पूर्ण फिरवावी, ताण द्यावा. नाहीतर पट्टा पुन्हा आवळतो.

खरा धोका सुई फुप्फुसाला लागण्याचा. फुप्फुसाचं वरचं टोक याच स्नायूखाली येतं, म्हणून स्नायू चिमटीत वर उचलूनच टोचतात. टोचल्यावर काही तासांनीही धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर ताबडतोब रुग्णालय गाठावं.