नंबर घातलेला सर्वश्रेष्ठ आणि नंबरातला सर्वश्रेष्ठ

बेसबॉलमध्ये 'जर्सी नंबरनुसार सर्वश्रेष्ठ खेळाडू' अशा याद्या दर हंगामाला निघतात आणि दोन वेगळे प्रश्न एकाच ताटात वाढून मोकळ्या होतात. पहिला प्रश्न : हा नंबर कधीतरी घातलेल्यांमध्ये सगळ्यात मोठा खेळाडू कोण? दुसरा : हा नंबर पाठीवर असताना सगळ्यात मोठा खेळ कोणी केला? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मोठी नावं घ्या, कारकिर्दीचे आकडे लावा, झालं. पण यादीच्या डोक्यावर नंबर लिहिला असेल, तर विचारलेला असतो दुसरा प्रश्न.

सचिनवरून हे लगेच कळेल. त्याच्या १०० आंतरराष्ट्रीय शतकांपैकी ५१ कसोटीतली. कसोटीच्या पांढऱ्या शर्टावर नंबर आले २०१९ च्या ॲशेसपासून, आणि सचिन निवृत्त झाला २०१३ मध्ये. '१० नंबरची शंभर शतकं' लिहिणाऱ्याने त्यातली ५१ कोऱ्या पाठीच्या शर्टातून उचललेली असतात.

अमेरिकी बेसबॉलचा दिग्गज बेब रूथ याचं तेच होतं. त्याच्या न्यूयॉर्क यांकीज संघाने पाठीवर नंबर लावले १९२९ मध्ये, तेही बॅटिंग ऑर्डरप्रमाणे : तिसरा येणारा रूथ ३, चौथा येणारा गेरिग ४. तोवर रूथचे ४७० होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे मैदानापार जाणारे फटके) मारून झाले होते, १९२७ च्या हंगामातले गाजलेले ६० धरून. कारकिर्दीतल्या ७१४ मधून ते वजा केले की ३ नंबरात उरतात २४४. ॲलेक्स रॉड्रिगेझ यांकीजकडे येऊन १३ घालू लागण्याआधी सिॲटल आणि टेक्सासमध्ये ३ नंबर घालायचा, आणि त्या नंबरात त्याचे ३४५ होमरन आहेत. आता यादी एवढी सरळ दिसत नाही ना? माझ्या हिशेबात रूथ तरीही वर राहतो, कारण १९३१ मध्ये ३६ व्या वर्षी त्याने ४६ होमरनसोबत .३७३ ची सरासरी (हजार संधींमागे ३७३ यशस्वी फटके) राखली होती. शिवाय टेक्सासच्या तीन वर्षांत उत्तेजकं घेतल्याचं रॉड्रिगेझने २००९ मध्ये स्वतःच कबूल केलं. पण हा निकाल चुरशीचा आहे. 'रूथ, पुढे चला' म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

खरी गंमत २४ मध्ये आहे. पहिल्या जागेवरच्या विली मेजबद्दल वाद नाही. पहिले काही सामने सोडले तर सगळी कारकीर्द त्याच नंबरात, ६६० होमरन. घोळ दुसऱ्या जागेपासून सुरू होतो. बॅरी बॉन्ड्सला ७६२ होमरनसह तिथे बसवणारे विसरतात की तो २४ घालायचा पिट्सबर्गमध्ये. सॅन फ्रान्सिस्कोत तो नंबर मेजच्या नावाने निवृत्त झाला होता, म्हणजे त्याच्या मानार्थ पुढे कोणाला द्यायचा नव्हता, म्हणून तिथे २५. त्या २५ मध्ये ५८६ होमरन, २००१ चे ७३ त्यातच. २४ च्या खात्यात त्याचे फार तर १७६ होमरन आणि २ एमव्हीपी (हंगामातल्या सर्वात मोलाच्या खेळाडूचा पुरस्कार) पडतात. केन ग्रिफी ज्युनियरचे ६३० मधले ४१७ सिॲटलचे, म्हणजे २४ चे. सिनसिनाटीत तो नंबर टोनी पेरेझच्या मानाचा ठरला आणि ग्रिफीने वडिलांचा ३० घेतला.

रिकी हेंडरसनचा हिशेब तर हमखास चुकतो. १९८२ मध्ये एका हंगामात १३० बेस चोरण्याचा (फटका न मारला जाताच पळून पुढचा बेस गाठण्याचा) त्याचा विक्रम ३५ नंबरातला आहे. २४ त्याने घेतला १९८५ मध्ये यांकीजकडे गेल्यावर. त्याआधीचे ४९३ बेस वजा करा, तरी त्या वर्षीचे ८० बेस आणि १४६ धावा, १९९० चा एमव्हीपी आणि १ मे १९९१ ला मोडलेला सर्वाधिक बेसचोरीचा विक्रम, एवढं सगळं २४ मध्येच उरतं. म्हणून मी दुसरी जागा हेंडरसनला देतो, ग्रिफीला तिसरी.

चेंडू टाकणाऱ्या, म्हणजे पिचर नोलन रायनचं दुखणं वेगळं. एंजल्सकडे ३० नंबरात २,४१६ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) आणि ४ नो-हिटर (प्रतिस्पर्ध्याला एकही हिट न देता संपवलेले सामने). ॲस्ट्रोज आणि रेंजर्सकडे ३४ नंबरात २,८०५ आणि ३. अख्खे ५,७१४ स्ट्राइकआउट दोन्ही नंबरांच्या पुढे छापणं ही शुद्ध लबाडी आहे.

बाकीचे गोंधळ किरकोळ. नंबर निवृत्त करणं हा संघाने दिलेला मान असतो, क्रमवारी नव्हे. आणि स्कोअरबुकातला ६ म्हणजे शॉर्टस्टॉपची, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाची जागा, तिचा पाठीवरच्या नंबराशी संबंध नाही.

हिशेब करायचा तर बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळावर खेळाडूच्या पानावर वरती छोट्या जर्सी दिसतात. एकेकीवर माऊस नेला की संघ आणि वर्षं कळतात. खालच्या तक्त्यातून तेवढ्याच हंगामांच्या ओळी बेरजेला घ्या, कारकिर्दीच्या शेवटच्या ओळीकडे बघूच नका. हंगामाच्या मध्येच संघ बदलला असेल तर दोन्ही संघांच्या ओळी वेगळ्या धरा : २००८ मध्ये ग्रिफी सिनसिनाटीत ३ आणि शिकागोत १७ घालून खेळला, २४ एकदाही नाही. त्याच संघात नंबर बदलला असेल तर सामन्यागणिक नोंदी काढाव्या लागतात. आणि किमान ५ हंगामांची अट घाला, नाहीतर एखाद्या झगझगीत वर्षावर कोणीही वर चढून बसतो.

४२ ला मात्र ही कसरत नको. आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन याची लीगमधली सगळी कारकीर्द त्याच नंबरात, पिचर मारियानो रिव्हेराचे ६५२ सेव्हही (शेवटी येऊन संघाची आघाडी राखलेले सामने) त्यातच. तो नंबर रॉबिन्सनच्या मानार्थ १९९७ मध्ये सगळ्या संघांत निवृत्त झाला. आधीपासून घालणाऱ्यांना सूट होती, त्यातला रिव्हेरा २०१३ पर्यंत टिकलेला शेवटचा. फक्त १५ एप्रिलचे सामने वगळा. त्या दिवशी रॉबिन्सनच्या स्मरणार्थ मैदानात उतरणारा प्रत्येक जण ४२ च घालतो.