नदीच्या पाण्यावर दावा कोण करू शकतो? १८९२ च्या कावेरी नियमांपासून आजच्या लवादापर्यंतची अर्ज प्रक्रिया

कावेरीच्या पाण्याची बातमी आली की '१८९२ चा करार' आणि '१९२४ चा करार' हे दोन उल्लेख ठरलेले असतात. करार म्हटले की पाण्याच्या वाटपाचे आकडे डोळ्यांसमोर येतात. १८९२ च्या कागदात मात्र वाटप जवळपास नाहीच. तो परवानगी मागण्याच्या प्रक्रियेचा कागद आहे. अर्ज कुणी करायचा, कोणत्या कामासाठी, नकार कोणत्या कारणावरून देता येतो आणि बिनसले तर दाद कुठे मागायची, एवढेच त्यात ठरवले आहे. पुढची भांडणे या प्रक्रियेत राहून गेलेल्या फटींतून निघाली.

अर्ज कुणी करायचा?

१८८१ मध्ये आजच्या कर्नाटकातल्या म्हैसूर संस्थानाचा कारभार इंग्रजांनी पुन्हा वडियार घराण्याकडे दिला. संस्थानाने जुने तलाव दुरुस्त करायला आणि नवे बांधायला सुरुवात केली, तेव्हा नदीच्या खालच्या बाजूच्या मद्रास इलाख्याला (आजचा तमिळनाडू त्यात होता) धास्ती वाटली. १८९० मध्ये उटकमंडला (आजच्या ऊटीला) दोन्ही सरकारांची बैठक झाली आणि १८ फेब्रुवारी १८९२ रोजी नियम ठरले.

या नियमांत अर्जदार एकच, म्हैसूर सरकार. मद्रासला आपल्या हद्दीत काही बांधायचे असेल तर म्हैसूरला विचारण्याचे बंधन नव्हते. बरोबरीच्या दोन पक्षांचा हा व्यवहार नव्हताच. एक पक्ष म्हणजे खुद्द इंग्रज सरकारचा इलाखा, दुसरा त्यांचे मांडलिक संस्थान. शेतकरी, गाव, जमीनदार यांना अर्ज करण्याची सोयच नव्हती. त्यांचे हक्क मोजायचे ते त्यांच्या सरकारच्या तोंडून.

परवानगी कोणत्या नद्यांसाठी लागते, त्याची परिशिष्टे नियमांना जोडलेली होती. परिशिष्ट 'अ' मध्ये १५ मुख्य नद्या होत्या. कावेरी, हेमावती, कबिनी यांच्याबरोबर तुंगभद्रा, वेदवती आणि पालारही त्यात आहेत. म्हणून याला 'कावेरी करार' म्हणणे तसे अपुरे आहे. तुंगभद्रा कृष्णेला मिळते, त्यामुळे हा कागद कृष्णा खोऱ्याच्या इतिहासातही येतो.

'नवे काम' कशाला म्हणायचे?

अर्ज लागायचा तो नव्या तलावाला किंवा नव्या बंधाऱ्याला, दुरुस्तीला नाही. साहजिकच सगळी ओढाताण या दोन शब्दांवर होती. व्याख्या बऱ्याच काटेकोर होत्या:

– पूर्वी कधीच नव्हता तो तलाव नवा. पूर्वी होता, पण ३० वर्षांहून जास्त काळ ओस पडला आहे, तोही नवाच. म्हणजे २५ वर्षे फुटून पडलेला तलाव बांधून काढला तर दुरुस्ती, ३५ वर्षे पडलेला बांधला तर परवानगी हवी.
– सांडव्याची उंची वाढवणे दुरुस्तीत बसते, पण एका अटीवर: साठणारे पाणी किंवा भिजणारे क्षेत्र यांपैकी एक तरी पूर्वीइतकेच राहिले पाहिजे.
– जुना तलाव सोडून दुसऱ्या जागी बांधला, किंवा चार लहान तलावांऐवजी एक मोठा बांधला, तरी ती दुरुस्तीच. इथेही एकूण साठा किंवा एकूण क्षेत्र यांपैकी एक पूर्वीच्या मर्यादेत हवे.
– याबाहेरची साठ्यातली कोणतीही वाढ म्हणजे नवे काम.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्द्यातला 'किंवा' नीट पाहा. क्षेत्र तेवढेच ठेवून साठा वाढवला तरी कागदावर दुरुस्तीच ठरते. असा 'किंवा' मसुद्यात राहिला की पुढे वकिलांची सोय होते.

अर्जासोबत काय, आणि नकार कशावरून?

तिसऱ्या नियमानुसार म्हैसूरने कामाची 'संपूर्ण माहिती' मद्रासकडे पाठवायची आणि काम सुरू होण्याआधी संमती मिळवायची. 'संपूर्ण' म्हणजे नेमके काय, याची यादी नियमांत नव्हती आणि उत्तर किती दिवसांत द्यायचे याची मुदतही नव्हती. धरणाच्या प्रस्तावात खालच्या पक्षाला चार गोष्टी कळणे गरजेचे असते: किती साठवणार, कोणत्या महिन्यांत साठवणार, किती एकर भिजवणार, आणि पाया पुढे किती उंची पेलेल. चौथी गोष्ट लोक विसरतात. इथे भांडण तिच्यावरच झाले.

मद्रासला मनमानी नकार देता येत नव्हता. आधीच मिळालेला आणि प्रत्यक्ष वापरात असलेला वहिवाटीचा, म्हणजे दीर्घ वापरातून आलेला, हक्क राखण्यासाठीच तो देता येत असे. तो हक्क आहे का, किती आहे, कसा वापरला जातो, हे पाण्याच्या वहिवाटीच्या कायद्याने आणि त्या त्या प्रकरणात जे न्याय्य व वाजवी असेल त्याने ठरवायचे होते. खासगी दाव्यांत १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार २० वर्षांचा उघड, शांत आणि अखंड वापर दाखवावा लागे. त्यामुळे मद्रासच्या बाजूने खरे दस्तऐवज म्हणजे भिजणाऱ्या क्षेत्राच्या नोंदी आणि पाणीपातळीची मोजणी. तंजावरच्या त्रिभुज प्रदेशाबाबत वहिवाट सिद्ध करणे अवघड नव्हते. कल्लणै बंधारा प्राचीन, त्याच्या वरचा तिरुचिरापल्लीजवळचा 'अप्पर अनिकट' (वरचा बंधारा) इंग्रज अभियंता आर्थर कॉटनने १८३६ मध्ये बांधलेला. याच तंजावर मुलखाचा कारभार १७९९ पर्यंत व्यंकोजीराजांच्या मराठा घराण्याकडे होता.

एक बारकावा महत्त्वाचा आहे. 'प्रत्यक्ष अस्तित्वात असलेला' हक्क म्हणजे आजचा वापर. उद्या बांधायच्या धरणासाठी पाणी राखून ठेवण्याचा हक्क यात येत नाही. मद्रासच्या मनात आपल्या हद्दीत कावेरीवर बांधायचे मेट्टूरचे धरण होते, आणि भावी गरज या निकषात बसवणे कठीण होते.

कन्नंबाडीचा अर्ज कुठे अडला?

१९१० मध्ये म्हैसूरने कावेरीवरील कन्नंबाडीच्या धरणाचा, म्हणजे आजच्या कृष्णराजसागराचा, प्रस्ताव मांडला. मुख्य अभियंता होते विश्वेश्वरय्या. पुण्यात शिकलेले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी केलेले, खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवलेले. साठा ४१.५ टीएमसी (हजार दशलक्ष घनफूट), बांधकाम दोन टप्प्यांत. मद्रासची स्वतःची मेट्टूरची योजना ८० टीएमसीची होती, म्हणून विरोध झाला. प्रकरण हिंदुस्थान सरकारकडे गेले आणि मंजुरी मिळाली ती ११ टीएमसीची.

हा फरक समजायला थोडे गणित लागते. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. एक क्युसेक प्रवाह दिवसभर वाहिला की ८६,४०० घनफूट होतात, म्हणजे एक टीएमसीला सुमारे ११,५७४ क्युसेक-दिवस. नदीला १०,००० क्युसेक पाणी आहे आणि ते सगळे अडवले, तर ११ टीएमसी भरायला जेमतेम १३ दिवस लागतात आणि ४१.५ टीएमसीला ४८. हे ४८ दिवस जून-जुलैत पडले, तर तंजावरकडच्या कुरुवै भाताच्या लावणीचा हंगामच हातचा जातो. वर्षभराचा एकूण साठा सांगून अशा वेळी समोरच्याचे समाधान होत नाही, महिनावार वेळापत्रक लागते.

मंजुरी ११ टीएमसीची असताना पाया मात्र पूर्ण योजनेला पुरेल असा घातला गेला. अभियांत्रिकी दृष्टीने ते शहाणपणाचेच, कारण उभ्या धरणाचा पाया नंतर रुंद करणे महागात जाते. पण परवानगीच्या दृष्टीने पहिल्या टप्प्यातच दुसरा टप्पा गृहीत धरल्यासारखे झाले. मद्रासने हरकत घेतली.

लवादाकडे जाण्याचा मार्ग

चौथ्या नियमात दोन वाटा होत्या: दोन्ही सरकारांनी नेमलेले लवाद, किंवा हिंदुस्थान सरकारचा निर्णय. लवाद म्हणून अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सर एच. डी. ग्रिफिन आणि साहाय्यक तज्ज्ञ म्हणून पाटबंधाऱ्यांचे महानिरीक्षक एम. नेदरसोल यांची नेमणूक झाली. न्यायाधीश आणि पाण्याचा जाणकार ही जोडी आजही टिकून आहे. कामकाज १६ जुलै १९१३ ला सुरू झाले आणि निवाडा १२ मे १९१४ ला आला. दहा महिन्यांत! आजच्या लवादांशी तुलना केली तर हा वेग थक्क करणारा आहे.

नियमात 'अंतिम निर्णय' असे शब्द होते, तरी तो अंतिम ठरला नाही. १९१६ मध्ये हिंदुस्थान सरकारने निवाडा मान्य केला, मद्रास भारतमंत्र्यांकडे, म्हणजे ब्रिटिश सरकारातल्या हिंदुस्थानविषयक मंत्र्यांकडे, लंडनला गेले आणि १९१९ मध्ये तो तिथे अडला. करारात अपिलाची तरतूद नव्हती. पण लवाद ज्या सत्तेच्या छत्राखाली बसतो, तिच्या वरची सत्ता मोकळी राहिली, तर अपिलाची वाट कुणीतरी शोधतोच.

शेवटी १८ फेब्रुवारी १९२४ ला दोघांनी करार केला. कृष्णराजसागराला ४४,८२७ दशलक्ष घनफूट साठा आणि १,२५,००० एकर, मेट्टूरला ९३,५०० दशलक्ष घनफूट साठा आणि ३,०१,००० एकर नवे क्षेत्र. कृष्णराजसागरात पाणी कधी अडवायचे, ते खाली अप्पर अनिकटच्या मोजपट्टीवरील पातळीशी बांधले गेले. काही मर्यादा ५० वर्षांनी फेरविचारासाठी खुल्या ठेवल्या. १९७४ नंतर काय, हा वाद २०१८ पर्यंत चालला. करार ५० वर्षांनी संपला, असे सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ रोजी म्हटले.

१९३५ चा कायदा: करार नसला तरी तक्रार

कराराबाहेरच्या राज्यांनी काय करायचे, याचे उत्तर १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या कलम १३० ते १३४ मध्ये आले. प्रांताचे सरकार किंवा संघराज्यात सामील झालेले संस्थान गव्हर्नर जनरलकडे तक्रार करू शकत होते. झालेले नुकसान दाखवायलाच हवे असे नाही, नुकसान होण्याची शक्यताही पुरे. मग पाटबंधारे, अभियांत्रिकी, प्रशासन, अर्थ किंवा कायदा जाणणाऱ्यांचा आयोग नेमला जाई. पण नियोजित संघराज्य कधी अस्तित्वात आलेच नाही, त्यामुळे संस्थानांसाठी हा दरवाजा कागदावरच राहिला.

प्रांतांपैकी सिंधने तो वापरला. १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता, सक्करचा बंधाराही मुंबई सरकारनेच १९३२ मध्ये पुरा केला होता. वेगळा झाल्यावर १९३९ मध्ये सिंधने पंजाबच्या भाक्रा आणि इतर योजनांविरुद्ध तक्रार केली. बी. एन. राव यांच्या आयोगाचा अहवाल १९४२ मध्ये आला, तो दोघांनाही पटला नाही, आणि निर्णयाआधी फाळणी झाली.

आज अर्ज कसा होतो?

१९५६ च्या आंतरराज्य नदी जलविवाद कायद्याचे कलम ३ वाचले की १९३५ ची भाषा लगेच ओळखू येते. अर्जदार फक्त राज्य सरकार. आधार तीन: दुसऱ्या राज्याची झालेली वा प्रस्तावित कृती किंवा कायदा, पाण्याबाबतचे अधिकार वापरण्यात त्याने केलेली कसूर, किंवा कराराचे पालन न करणे. विनंती केंद्राकडे १९५९ च्या नियमांतील नमुन्यात जाते. त्यात नदी, प्रतिवादी राज्ये, वादाचे नेमके मुद्दे आणि वाटाघाटींचा तपशील स्पष्ट असावा. शेवटचा भाग ढिला राहिला की 'अजून चर्चा होऊ शकते' असे म्हणायला केंद्राला जागा मिळते.

वाटाघाटींनी सुटणार नाही असे केंद्राचे मत झाले, तर विनंती मिळाल्यापासून एका वर्षात लवाद नेमायचा, ही मुदत २००२ च्या दुरुस्तीने आली. अध्यक्ष आणि दोन सदस्य, तिघेही सर्वोच्च वा उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, नावे सरन्यायाधीश सुचवतात. अहवालाला तीन वर्षे, वर दोन वर्षांची मुदतवाढ. तरी म्हादई नदीच्या वादात गोव्याची विनंती २००२ ची आणि लवाद २०१० चा, मधे सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. निवाडा आला ऑगस्ट २०१८ मध्ये. राजपत्रात प्रसिद्ध होईपर्यंत निवाडा लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. कावेरीचा २००७ चा निवाडा २०१३ मध्ये राजपत्रात आला.

शेतकरी, ग्रामपंचायत किंवा पाणीवापर संस्थेला या कायद्याखाली थेट अर्ज करता येत नाही. त्यांनी सात-बारावरील पीकपाहणी, पाणीपट्टीच्या पावत्या आणि उपसा परवाने राज्याच्या जलसंपदा विभागाकडे द्यावेत, कारण राज्याची बाजू अशाच नोंदींवर उभी राहते. तंटा दोन्ही बाजू महाराष्ट्रातल्या असलेल्या पाण्याचा असेल, तर वाट वेगळी: २००५ च्या कायद्याने स्थापन झालेले महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण.