आरोग्य, सुरक्षा व पर्यावरणविषयक आकडेवारीची स्वतंत्र पडताळणी

कंपनीच्या अहवालात छापलेले अपघात, आजार, वीज, पाणी, कचरा व वायू उत्सर्जन यांचे आकडे बाहेरच्या, त्या आकड्यांत हितसंबंध नसलेल्या संस्थेने मूळ नोंदींपर्यंत जाऊन तपासणे आणि त्यांवर सहीनिशी मत देणे, याला स्वतंत्र पडताळणी म्हणतात. सुरक्षा लेखापरीक्षणाशी तिची नेहमी गल्लत होते. सुरक्षा लेखापरीक्षक यंत्राला गार्ड आहे का, अग्निशमनाची लाइन चालू आहे का, हे पाहतो. पडताळणी करणारा मात्र ‘वर्षभरात तीन अपघात’ हे विधान खरे आहे का, एवढेच पाहतो. म्हणून एखाद्या धोकादायक कारखान्याचेही आकडे बिनचूक ठरू शकतात आणि त्याला तसे मत मिळण्यात काही गैर नाही.

मत दोन पातळ्यांवर दिले जाते. मर्यादित हमीत ‘आकडे चुकीचे असावेत असे काही आढळले नाही’ एवढेच म्हटले जाते. वाजवी हमीत ‘आकडे महत्त्वाच्या सर्व बाबतींत बरोबर आहेत’ असे ठामपणे सांगावे लागते आणि त्यासाठी काम बरेच जास्त करावे लागते. आयएसएई (हमीच्या कामांचे आंतरराष्ट्रीय मानक) 3000, हरितगृह वायूंसाठी आयएसएई 3410 आणि आयएसओ 14064-3 ही प्रचलित मानके होत.

भारतात या कामाला जोर आला तो शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीमुळे. बाजारमूल्यानुसार पहिल्या 1,000 सूचीबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून ‘बीआरएसआर’ हा जबाबदारी व शाश्वतता अहवाल सक्तीचा झाला. जुलै 2023 मध्ये त्यातल्या निवडक निर्देशकांचा ‘बीआरएसआर कोअर’ आला. त्यावर वाजवी हमी घेण्याचे बंधन आधी पहिल्या 150 कंपन्यांवर आणि नंतर टप्प्याटप्प्याने इतरांवर घालण्याचे ठरले. 2025 मध्ये मात्र सेबीने हमीऐवजी ‘मूल्यांकन’ (हमीइतके ठाम मत नसलेली तपासणी) हाही पर्याय दिला. उद्योगांना हायसे वाटले असेल, पण वाचकाच्या दृष्टीने ही ढिलाईच आहे.

सर्वांत निसरडा आकडा अपघात दराचा. दहा लाख मनुष्यतासांमागे कामाचा खाडा पाडणारे अपघात किती, असा तो काढतात. समजा, 500 कायम कामगारांचे वर्षाचे 10 लाख तास झाले आणि त्यांत 2 अपघात झाले, तर दर 2 येतो. त्याच आवारात 1,500 ठेका कामगारांचे 30 लाख तास भरले आणि त्यांचे 10 अपघात झाले, तर खरा दर 3 होतो. पण ठेका कामगारांचे तास मोजले आणि त्यांचे अपघात ‘ते ठेकेदाराकडे’ म्हणून सोडले, तर दर 0.5 वर येतो, आणि अहवालात ‘सुरक्षेत लक्षणीय सुधारणा’ असे छापायला जागा होते. दुसरी पळवाट म्हणजे हाताला पट्टी बांधलेल्या माणसाला घरी न पाठवता ‘लाइट ड्यूटी’वर बसवणे, खाडा नाही, तर अपघातही नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमात 48 तास वा अधिक काळ काम न करता येणारी दुखापत कळवण्याजोगी मानली होती. त्यामुळे सरकारला कळवलेला आणि अहवालात छापलेला आकडा मुळातच वेगळा असू शकतो. जाणता तपासनीस सुरक्षा विभागाची एक्सेल फाइल बाजूला ठेवतो आणि गेटवरची हजेरी, ठेकेदाराचे मस्टर, प्रथमोपचार रजिस्टर व ईएसआयचे (कामगार राज्य विमा) अपघात अहवाल समोरासमोर ठेवतो. तफावत तिथेच सापडते.

पर्यावरणाच्या आकड्यांत मीटर, वजनकाट्याच्या पावत्या, इंधनाची बिले आणि उपकरणांचे कॅलिब्रेशन (मापांच्या अचूकतेची जुळणी) तपासतात. कोळशाच्या बाबतीत टनांइतकेच उष्मांकालाही, म्हणजे जळताना किती उष्णता मिळते यालाही, महत्त्व असते.

नागपुरात या विषयाचे सगळे धागे एकत्र येतात. मॉइल ही सूचीबद्ध मँगनीज कंपनी इथलीच. वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीचे मुख्यालयही इथेच. ती स्वतः सूचीबद्ध नसली तरी तिचे आकडे कोल इंडिया या पालक कंपनीच्या अहवालात मिळतात. याउलट कोराडी व खापरखेडा ही औष्णिक केंद्रे चालवणाऱ्या महानिर्मिती या राज्याच्या वीज कंपनीचे समभाग बाजारात नाहीत, म्हणून शहराच्या उशाशी असलेल्या या चिमण्या सेबीच्या सक्तीबाहेर राहतात. त्यांच्यावर नियंत्रण आहे ते पर्यावरण कायद्यांचे. चिमणीवरच्या ऑनलाइन मापकांची सक्ती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2014 मध्ये केली; राखेच्या विल्हेवाटीची वार्षिक तपासणी डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेने बंधनकारक झाली. स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या पेसोचे मुख्यालयही नागपुरातच आहे, आणि डिसेंबर 2023 मध्ये बाजारगावजवळच्या कारखान्यात नऊ कामगारांचा जीव घेणारा स्फोट झाला तोही याच जिल्ह्यात. नागपुरातच मुख्यालय असलेला भारतीय खाण ब्यूरो खाणींना कामगिरीनुसार तारे देतो. खाणचालक आधी स्वतःचे गुण भरतो, मग ब्यूरो ते तपासतो.

तपासनिसाला पैसे कोण देतो, हा खरा कळीचा प्रश्न. गुजरातमध्ये 2009 ते 2011 या काळात एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थतज्ज्ञांनी राज्य प्रदूषण मंडळाबरोबर त्यावर प्रयोग केला. नेहमीच्या पद्धतीत कारखाना स्वतःच लेखापरीक्षक निवडे आणि त्याला पैसे देई. तेव्हा अहवालांतले आकडे कायदेशीर मर्यादेच्या किंचित खालीच गोळा झालेले दिसत. काही कारखान्यांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे लेखापरीक्षक नेमून दिले, पैसे मध्यवर्ती निधीतून ठरलेल्या दराने दिले आणि काही मोजमापे पुन्हा घेतली. खोटी अनुकूल नोंद करण्याचे प्रमाण सुमारे 80 टक्क्यांनी घटले, आणि त्या कारखान्यांचे प्रदूषणही कमी झाले.

केंद्राच्या 2025 च्या पर्यावरण लेखापरीक्षण नियमांत नोंदणीकृत लेखापरीक्षकांचे यादृच्छिक वाटप आहे. सेबीच्या चौकटीत मात्र तपासनीस कंपनीच निवडते; त्याने त्याच कंपनीला सल्लासेवा विकू नये, एवढी अट आहे.