ल्युमिनॉलचा निळा उजेड आला कुठून

वर्गात ल्युमिनॉल या केमिकलचा अंधारात चमकणारा प्रयोग करायचा तर सोलापुरात पहिली अडचण उन्हाची, खिडकी लावली तरी फटीतून उजेड येतोच, मग पोरांनी घरून चादरी आणल्या, आपल्या त्या जाडजूड सोलापुरी, दुहेरी करून खिडक्यांना बांधल्या तेव्हा कुठं अंधार झाला. एका बीकरमध्ये ल्युमिनॉल, धुण्याचा सोडा, अमोनियम कार्बोनेट आणि चिमूटभर मोरचूद, दुसऱ्यात ३ टक्केवालं हायड्रोजन पेरॉक्साइड. गॉगल घालून दोन्ही एकत्र ओतलं की निळा उजेड, आणि मागच्या बाकावरून हमखास प्रश्न, "सर, सेल कुठंय यात?"

हा प्रश्न जुनाय. १६६९ मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांटनं सोनं मिळवायच्या नादात ढीगभर लघवी आटवली (पोरं इथं हसणारच, हसू द्या), सोनं काही मिळालं नाही पण अंधारात आपोआप चमकणारा पदार्थ मिळाला, तो फॉस्फरस. त्याच्या वाफेचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो म्हणून तो चमकतो. गंमत म्हणजे फॉस्फरसन्स (आधी उजेड शोषून मग तो हळूहळू सोडणं) हा शब्द याच्याच नावावरून आलाय आणि ह्याचं चमकणं मात्र फॉस्फरसन्स नाहीच, ते केमिल्युमिनेसन्स, म्हणजे केमिकल रिअ‍ॅक्शनमधून निघणारा उजेड! पुस्तकात हा घोळ कुणी नीट सोडवून सांगत नाही.

त्याच्या एक-दोन वर्षं आधी रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञानं (त्यातल्या जिवंत बुरशीमुळं) चमकणारं कुजकं लाकूड काचेच्या भांड्यात ठेवून पंपानं हवा काढली तर उजेड गेला, हवा आत सोडली तर परत आला. ऑक्सिजन हे नाव तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, पण सेल कुठंय याचं अर्धं उत्तर तिथंच मिळालं होतं.

मग मधे बराच काळ गेला. १८७७ मध्ये रॅडझिशेव्स्की या पोलिश केमिस्टला दिसलं की लोफिन नावाचा पदार्थ अल्कलीत टाकून हवा लागू दिली की चमकतो, म्हणजे जिवंत काहीही नसताना, नुसत्या केमिकलमधून थंड उजेड. केमिल्युमिनेसन्स हे नाव १८८८ मध्ये वीडेमाननं दिलं. आपल्या ल्युमिनॉलचा उजेड १९२८ मध्ये अल्ब्रेख्तनं नीट मांडला आणि १९३७ मध्ये श्पेख्त या जर्मन माणसानं रक्ताचे डाग शोधायला तो वापरला, कारण रक्तातलं लोह मोरचुदातल्या तांब्याचंच काम करतं, रिअ‍ॅक्शन पळवतं. टीव्हीवरच्या क्राइम सिरियलमधे फवारा मारतात तो हाच.

आत होतं काय तर पेरॉक्साइडमुळं ल्युमिनॉलचं ऑक्सिडेशन होतं, नायट्रोजन निघून जातो आणि उरलेला रेणू जास्तीची एनर्जी घेऊन बसलेला असतो, ती उष्णता म्हणून न सोडता उजेड म्हणून सोडतो, साधारण ४२५ नॅनोमीटरचा, म्हणून निळा. सेल म्हणायचंच तर तो त्या रेणूतच आहे.

गड्ड्याच्या यात्रेत मिळतात तशा चमकत्या कांड्यांची भानगड थोडी वेगळी, त्यात ल्युमिनॉल नसतं. १९६० च्या दशकात बेल लॅब्सच्या चँड्रॉसनं ऑक्झॅलिल क्लोराइड, पेरॉक्साइड आणि फ्लुरोसंट डाय एकत्र केले, मग अमेरिकन सायनामिडच्या राउहटनं त्याचा उजेड वाढवून विकता येईल असं केलं. आतली काचेची नळी कट्कन मोडते तेव्हा पेरॉक्साइड बाहेर येतं. कांडी गरम पाण्यात धरून बघा की, झगझगीत होते आणि लवकर विझते, फ्रीजमधे मंद होऊन जास्त टिकते.

पेरॉक्साइड तसं सोलापूरला नवं नाही, टॉवेलचं सूत पांढरं करायला ब्लीचिंगमधे तेच लागतं. पण ते उन्हाळ्यात सांभाळायला लागतं, हे मला पहिल्या वर्षी कळलं. बाटली एप्रिल-मे पत्र्याखालच्या कपाटात राहिलेली, जूनमधे चादरी बांधून, सगळ्यांना गप्प बसवून दोन्ही बीकर ओतले आणि काही म्हणजे काहीच नाही. पेरॉक्साइड फुटून त्यातला ऑक्सिजन आधीच झाकणातून निघून गेलेला, बाटलीत जवळजवळ नुसतं पाणी, आणि चाळीस पोरं घामाघूम होऊन अंधारात बसलेली.