केंट स्टेट गोळीबार

अमेरिकेतील ओहायो राज्याच्या केंट स्टेट विद्यापीठात ४ मे १९७० रोजी युद्धविरोधी निदर्शनांच्या वेळी नॅशनल गार्डच्या जवानांनी विद्यार्थ्यांवर केलेला गोळीबार. १३ सेकंदांत साठाहून अधिक गोळ्या सुटल्या. चार विद्यार्थी ठार आणि नऊ जखमी झाले. जखमींपैकी एक जण कमरेखाली कायमचा लुळा पडला.

व्हिएतनाम युद्ध आटोपते घेण्याची भाषा करत रिचर्ड निक्सन अध्यक्ष झाले होते. त्यांनीच ३० एप्रिल १९७० रोजी कंबोडियात सैन्य घुसवल्याचे जाहीर केले आणि विद्यापीठे पेटली. केंटमध्ये दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांनी राज्यघटनेची प्रत मातीत पुरली. रात्री गावात दुकानांच्या काचा फुटल्या. २ मेच्या रात्री विद्यापीठाच्या आवारातील लष्करी प्रशिक्षणाची जुनी लाकडी इमारत जाळण्यात आली. महापौरांच्या मागणीवरून गव्हर्नर जेम्स ऱ्होड्स यांनी गार्डची तुकडी धाडली. ऱ्होड्स तेव्हा सिनेटच्या उमेदवारीसाठी झगडत होते आणि पक्षांतर्गत मतदान ५ मेला होते. ३ मेच्या पत्रकार परिषदेत आंदोलकांविषयी त्यांनी वापरलेली जहाल भाषा या पार्श्वभूमीवर वाचावी लागते. ती निवडणूक ते हरले.

नॅशनल गार्ड हे राज्याचे अर्धवेळ सैन्य. केंटला आलेले जवान थेट ट्रकचालकांच्या संपाच्या बंदोबस्तावरून आले होते. त्यांच्या एम-१ रायफलींत खऱ्या गोळ्या भरलेल्या होत्या, आणि या घटनेतली मूळ चूक तीच.

सोमवारी, ४ मेला, दुपारची निषेध सभा बेकायदा ठरवण्यात आली होती, तरी मैदानावर गर्दी जमली. पांगवण्यासाठी सोडलेला अश्रुधूर वाऱ्याने फुकट गेला. जवान विद्यार्थ्यांना रेटत टेकडी ओलांडून पलीकडच्या सरावाच्या मैदानात उतरले, काही वेळ तिथेच अडकले, दगड आणि शिव्या खात राहिले, मग परत टेकडी चढू लागले. माथ्यावर पोहोचताच काही जण एकाएकी मागे वळले. २८ जणांनी गोळ्या झाडल्या. काहींनी हवेत किंवा जमिनीत, काहींनी सरळ गर्दीत.

जिवाला धोका होता म्हणून गोळी झाडली, असा जवानांचा बचाव होता. मृतांचे अंतर पाहिले की तो टिकत नाही. जेफ्री मिलर सुमारे ८० मीटरवर होता, ॲलिसन क्रॉज शंभराहून अधिक मीटरवर, विल्यम श्रोडर आणि सँड्रा शोयर त्याहून लांब. शोयर तासाला निघाली होती. श्रोडर स्वतः लष्करी प्रशिक्षणाचा विद्यार्थी होता.

संतापलेले विद्यार्थी त्यानंतरही मैदान सोडायला तयार नव्हते. भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक ग्लेन फ्रँक यांनी अक्षरशः रडत त्यांची विनवणी केली आणि त्यांना उठवले. पुढचा रक्तपात टळला तो बव्हंशी त्यांच्यामुळे.

देशभर शेकडो महाविद्यालये बंद पडली. मिलरच्या मृतदेहाशेजारी आक्रोश करणाऱ्या मुलीच्या छायाचित्राबद्दल जॉन फिलो यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. मात्र त्या वेळच्या जनमत चाचणीत बहुसंख्य अमेरिकनांनी दोष विद्यार्थ्यांनाच दिला. १५ मेच्या पहाटे मिसिसिपीतील जॅक्सन स्टेट कॉलेजात पोलिसांच्या गोळ्यांनी दोन कृष्णवर्णीय तरुण मेले. त्यांची दखल फार थोड्यांनी घेतली, हा अन्याय आजही पुरता भरून निघालेला नाही.

अध्यक्षांनीच नेमलेल्या स्क्रँटन आयोगाने गोळीबार अनावश्यक, असमर्थनीय आणि अक्षम्य ठरवला. तरीही शिक्षा कोणालाच झाली नाही. १९७४ मध्ये आठ जवानांवरील फौजदारी खटला न्यायाधीशांनी पुराव्याअभावी काढून टाकला. १९७९ मध्ये जखमींना व मृतांच्या कुटुंबांना मिळून ६,७५,००० डॉलर आणि खेद व्यक्त करणारे, पण माफी न मागणारे निवेदन मिळाले. गोळ्या झाडण्याचा हुकूम कोणी दिला होता का, हा वाद एका विद्यार्थ्याने केलेल्या ध्वनिमुद्रणाच्या नव्या तपासणीमुळे २०१० मध्ये पुन्हा उफाळला. २०१२ मध्ये केंद्रीय न्याय विभागाने प्रकरण पुन्हा उघडण्यास नकार दिला.