लिटररी एजंट

लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणी करणारा, करार ठरवणारा आणि लेखकाच्या मिळकतीतून ठरावीक टक्के घेणारा व्यावसायिक प्रतिनिधी. ही प्रथा मुख्यतः ब्रिटन व अमेरिकेतील इंग्रजी ग्रंथव्यवहारात रुजली.

उगम : पहिला एजंट म्हणून बहुतेक कोशांत अलेक्झांडर पोलॉक वॉट (१८३४–१९१४) या लंडनवासी स्कॉटिश गृहस्थाचे नाव येते आणि आरंभवर्ष १८७५ दिले जाते. दोन्ही गोष्टी जपून घ्याव्यात. वॉट आधी प्रकाशक अलेक्झांडर स्ट्रॅहन या आपल्या मेहुण्याकडे कामाला होते. नंतर ते जाहिरातींची कामे घेऊ लागले. कादंबरीकार जॉर्ज मॅक्डॉनल्ड या मित्राने आपले लेखन विकून देण्याची गळ घातली आणि त्यातून धंदा उभा राहिला, ही हकीकत खुद्द वॉट यांनीच पुढे सांगितलेली आहे. ‘लिटररी एजंट’ ही पाटी त्यांनी उघडपणे लावली ती बहुधा १८८० च्या आसपास. त्याआधी जॉन फॉर्स्टर हे चार्ल्स डिकन्सच्या वतीने प्रकाशकांशी बोलत. पण ते मैत्रीखातर, टक्केवारीवर नव्हे. इंग्लंडमधील बोल्टन येथील वृत्तपत्र-मालक टिलॉटसन यांनी १८७३ पासून क्रमशः कादंबऱ्या एकाच वेळी अनेक वृत्तपत्रांना पुरवण्याचा व्यवसाय मांडला होता. त्यात मध्यस्थी असली, तरी ती लेखकाच्या बाजूची नव्हती.

उगमाच्या कारणांविषयीही एकमत नाही. या विषयाचे अभ्यासक जेम्स हेपबर्न (१९६८) यांनी लेखकाच्या आर्थिक ओढगस्तीवर भर दिला. मेरी अॅन गिलीज (२००७) यांनी वॉट आणि त्यांच्यानंतरचे जेम्स ब्रँड पिंकर यांच्या कार्यपद्धती शेजारी ठेवून पाहिल्या. मात्र लेखकाची ओढगस्त जुनीच होती. नवे होते ते हक्कांचे तुकडे पडणे. एकाच कादंबरीचे मासिकातील हक्क, पुस्तकाचे हक्क, वसाहतींतील आवृत्ती, भाषांतर आणि १८९१ च्या कायद्याने परकीय लेखकांना अमेरिकेत संरक्षण मिळाल्यावर तिथली आवृत्ती, असे वेगवेगळे विकण्याजोगे भाग झाले. एकरकमी मोबदला घेऊन सर्व हक्क देऊन टाकण्याची पद्धत मागे पडून रॉयल्टीची, म्हणजे खपलेल्या प्रतींमागे ठरावीक टक्के घेण्याची, रीत वाढली. हा सगळा हिशेब सांभाळणे लिहित्या माणसाच्या आवाक्याबाहेर गेले, ही उपपत्ती अधिक पटणारी आहे.

वॉट यांनी दहा टक्के कमिशन रूढ केले. त्यांचा ओढा नावाजलेल्या लेखकांकडे होता; हार्डी, किपलिंग, कॉनन डॉइल हे त्यांच्याकडे होते. १८९६ मध्ये कचेरी थाटणारे पिंकर (१८६३–१९२२) नवोदितांनाही घेत, प्रसंगी उसने पैसे देत. जोसेफ कॉनरॅडला त्यांनी वर्षानुवर्षे आगाऊ रकमा पुरवल्या आणि त्यावरून १९१० मध्ये दोघांत मोठा खटकाही उडाला. प्रकाशकांना ही मंडळी नकोशी होती. प्रकाशक विल्यम हाइनमन यांनी १८९३ मध्ये एजंटांवर जाहीर टीका केली. कादंबरीकार वॉल्टर बेझंट यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये स्थापन झालेल्या लेखकांच्या संघटनेलाही एजंटांविषयी पुढे शंका होत्याच.

कार्यपद्धती : आज देशांतर्गत विक्रीवर साधारण १५ टक्के आणि परदेशी व भाषांतर-हक्कांवर २० टक्के कमिशन चालते. प्रकाशकाचे पैसे आधी एजंटाच्या खात्यात येतात, तो आपला वाटा कापून बाकीचे लेखकाला धाडतो. तसे कलमच करारात असते. रॉयल्टीपोटी आधी दिली जाणारी आगाऊ रक्कम सहसा सही, हस्तलिखित आणि प्रकाशन अशा टप्प्यांत मिळते. समजा, अमेरिकेत २० डॉलरच्या बांधीव पुस्तकावर दहा टक्के रॉयल्टी आणि १०,००० डॉलर आगाऊ ठरले. मग ५,००० प्रती खपेपर्यंत लेखकाच्या नावे नवे काही जमा होत नाही. एजंटाचे १,५०० डॉलर त्या आगाऊ रकमेतूनच सुटतात.

एजंटाला मिळते ते लेखकाच्या कमाईतून, हे ध्यानात घेतले की त्याचे बरेचसे वागणे उलगडते. आलेल्या ढिगातले एखादे हस्तलिखित आवडले, तरी ते नेमक्या कोणत्या संपादकांकडे पाठवायचे ही नावे डोळ्यांपुढे येत नसतील तर तो नाही म्हणतो. नकाराची कारणे तो सहसा लिहीत बसत नाही. कादंबरी असेल तर पूर्ण लिहून झालेली हवी. इतर लेखनाला प्रस्ताव आणि नमुन्याची प्रकरणे बहुधा पुरतात. पहिला संपर्क म्हणजे पानभराचे पत्र, सारांश आणि सुरुवातीची काही पाने. वाचण्याची फी मागणाऱ्यापासून लांब राहावे. ब्रिटन (१९७४) आणि अमेरिका (१९९१) येथील एजंटांच्या संघटनांनीही ती आकारणे गैर मानले आहे. नवोदितांचे लक्ष प्रकाशक मिळण्याकडे असते, पण एजंटाचा खरा उपयोग करारात दिसतो : कोणते हक्क राखायचे, पुस्तक बाजारातून गेल्यावर ते परत कधी मिळायचे, दुकानांतून परत येऊ शकणाऱ्या प्रतींपोटी प्रकाशकाने किती रक्कम अडवून धरायची.

भारत व मराठी : इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीयांचा संबंध आरंभी लंडनच्या एजंटांशीच आला. आर. के. नारायण यांचे काम डेव्हिड हायम पाहत, तर अरुंधती रॉय यांच्या पहिल्या कादंबरीचे डेव्हिड गॉडविन यांनी पाहिले. पुढे जॅकरंडा (बंगळूर) आणि सियाही (जयपूर) अशा संस्था उभ्या राहिल्या.

मराठीत लेखक थेट प्रकाशकाकडे जातो. पहिली आवृत्ती हजाराच्या आसपास, त्यामुळे पंधरा टक्के रॉयल्टीवरच्या पंधरा टक्के कमिशनात कोणाचेही पोट भरत नाही. एजंटाशी गाठ पडते ती इंग्रजी पुस्तकांचे भाषांतर-हक्क घेणाऱ्या प्रकाशकांची. मूळ मराठी लेखकाला आधार १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १९ चा आहे. हक्क लेखीच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो केवळ भारत. दिलेला हक्क एका वर्षात वापरला नाही, तर करारात वेगळे नमूद नसल्यास तो लेखकाकडे परत येतो.